वाक नाझरुनची कळी

केपाहियांगच्या डोंगरचढावर कॉफी पिकवणारा नाझरुन, गावाचा ‘वाक’ म्हणजे काका, तसा शहाणा माणूस, पण राफ्लेशियाच्या फुलाचं नाव निघालं की त्याचं डोकं फिरायचं. ना पान, ना मूळ, रानवेलीच्या जिवावर जगणारं बांडगूळ ते! पण कळी धरली की हा गडी बांबूचं कुंपण घालून नऊ महिने रोज सकाळी तिथे हजर. बहुतेक कळ्या काळ्या पडून सडायच्या. मग दोन दिवस याच्या घशाखाली भात उतरत नसे.

"माझ्या पाच बाळंतपणांत कधी एवढ्या खेपा घातल्या नाहीत यांनी," त्याची बायको रोहाया म्हणायची. फूल बघायला येणाऱ्यांना ती खाली रस्त्याकडेला कॉफी विकायची. गुडघे धरलेले, त्यामुळे चढ चढून तिने स्वतः फूल एकदाही पाहिलं नव्हतं.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, तिची नजर चाललीय, वर्षभरात काहीच दिसणार नाही. नाझरुन हबकलाच. कुंपणात एकच कळी होती, आठ महिन्यांची. रोज नमाजानंतर तो त्या कळीसाठी दुआ मागू लागला. मौलवींना कळतं तर काठीच काढली असती त्यांनी!

कळी उमलली. नाझरुनने त्या दिवशी रस्त्यावर ‘फूल उमललंय’ अशी नेहमीची पाटी लावलीच नाही. कॉफीची पाठीवरची टोपली घेऊन तो बायकोपुढे उकिडवा बसला.

"चल, बस हिच्यात."

"अगं बाई! कंबर मोडेल तुमची. लोक हसतील."

"साठ किलोचं पोतं उतरवतो मी. तू त्रेचाळीस."

"वजन बरं पाठ आहे माझं!"

चढावर तो तीनदा थांबला. वर लालभडक, पांढऱ्या ठिपक्यांचं, परातीपेक्षा मोठं फूल जमिनीवर पसरलं होतं. माशा घोंगावत होत्या. रोहाया नाकाला ओढणी लावून अगदी जवळ वाकली.

"केवढं गं बाई! आणि मेलं घाण किती मारतंय!"

नाझरुनला हसू आवरेना. मग तिने मान वर केली.

"आता इकडं वळा."

"अगं, फूल बघ ना. पाच दिवसांत जाईल ते. मी काय, घरीच असतो."

"घरातल्या अंधारात धड दिसत नाही तुम्ही. इथे उजेड आहे."

तिने त्याची हनुवटी धरली. कपाळ, भुवया, गालावरचा जुना व्रण, सगळं सावकाश बघत राहिली. तो आधी पोरीसारखा लाजला, मग त्याचे डोळे वाहू लागले. तो तोंड फिरवू लागला.

"हलू नका," ती म्हणाली, "माझं अजून बघून झालं नाही."