कबूल म्हणायच्या आधी

आठवण म्हणलं की तुम्ही रुमाल काढून बसला असाल. ठेवा खिशात. ही प्रिंटरच्या ड्रायव्हरची आठवण हाय.

आज माझ्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरला नवा प्रिंटर जोडला, अन् तो आपोआप चालू झाला. कुणी काय विचारलंच नाय. गरम कागदाचा वास आला अन् आमच्या गल्लीतलं रफिकभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान आठवलं.

मी तवा शाळेत होतो. दुष्काळ होता. टँकर आठवड्यातनं एकदा यायचा. आईनं मला त्याच्यावर लक्ष ठेवायला दुकानाच्या दारात बसवलं होतं. चोरीचं विंडोज नको म्हणून रफिकभाईंनी फुकट मिळणारं लिनक्स टाकलेलं, पण प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हंजे तो चालवायचा प्रोग्राम, कंपनीचा. तो टाकताना लायसन्सची इंग्रजी पानंच्या पानं आली. सगळं जग न वाचता 'मंजूर' दाबतं. रफिकभाई नाय.

"पूरा पढ़ रे. सुने बगैर कबूल कैसा बोलूं?"

मग मी एकेक अट मराठीत सांगू लागलो. पहिली नगरसेवकाच्या आवाजात, दुसरी पीटीच्या सरांच्या, तिसरी खुद्द रफिकभाईंच्या. कोरडा कूलर नुसता गरगरत होता, अन् ते हसून हसून खुर्चीवरून घसरले.

आता तिथं मोबाईलचं शोरूम हाय. रफिकभाई कुठं गेले, ठावं नाय. बाकी ठिकाणी अटी अजून येतात, मी न वाचताच मंजूर करतो. ऐकायला ते असते तर आजबी सगळ्या वाचल्या असत्या.

त्या दिवशी शेवटी ते "कबूल" म्हणले. पहिला कागद बाहेर आला, अन् दारात आई उभी, रिकामा हंडा घेऊन.

"गेला टँकर! लई आवाज काढतो ना लोकांचे? आता माझा काढ, अन् त्याला माघारी बोलव!"