दहाही बोटं घेऊन गेलेले आबा

आज सकाळी आमचे आबा गेले. दहाही बोटं शाबूत घेऊन गेले.

सुताराच्या घरात ही साधी गोष्ट नाही. काकांची दोन बोटं रंध्याच्या मशीनने खाल्ली. माझ्या अंगठ्याचं टोक मी धंद्याच्या पहिल्याच वर्षी देऊन बसलो.

आबा म्हणजे माझे आजोबा. नव्वदी कधीच ओलांडलेली. आयुष्यभर लाकूडकाम केलं आणि आयुष्यभर घाबरत केलं.

गावात त्यांना 'भेकड मिस्त्री' म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं.

"म्हनू दे. भेकडाच्या हातची खाट मोडत नाई."

मी खामगावात वर्कशॉप टाकलं, टेबल-सॉ, म्हणजे लाकूड कापायची मशीन, आणली. लोक पेढा खात मशीनचं कौतुक करत होते. आबांनी गुपचूप प्लग काढला आणि हातात धरून बसले.

"आबा, लावू द्या ना. लोक पाहाले आले."

"म्हनूनच नाई लावत. पाह्यनारे असले का हात घाई करते."

मला राग आला होता. पाहुणे गेल्यावर, प्लग तसाच हातात धरून, त्यांनी मला घाटाची गोष्ट सांगितली.

सी. पी. अँड बेरारचे, इंग्रजांच्या वेळचे दिवस. आबांना नुकतं मिसरूड फुटलेलं. धाकटी बहीण गोदा आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली, मांडीवर तान्हं लेकरू. तिला न्यायला नवरा बैलगाडी घेऊन आला आणि त्या गाडीचं एक चाक मोडकळीला आलेलं. नवं करून द्यायचं काम आबांवर आलं.

चाकाला बाभूळ लागते. ती महिनोन् महिने पाण्यात मुरवायची, मग सावलीत सुकवायची. पण पाव्हणे, म्हणजे गोदाचा नवरा, ओट्यावर बसून रोज विचारत, "झालं का?"

आबांनी अर्धवट सुकलेली बाभूळ वापरली. वरून लोखंडी धाव, चाकाभोवतीची पट्टी, तापवून चढवली. चाक ठोकून पाहिलं तर टणटण वाजलं. गाडी निघाली.

मग आबा अंगण झाडायला लागले. त्याच ओंडक्याचा उरलेला तुकडा उन्हात पडला होता.

त्याला बोट जाईल एवढी भेग.

म्हणजे चाकही आकसणार. चाक आकसलं की धाव सुटणार. ऊन वैशाखाचं, आणि पुढे राजूर घाटाचा उतार.

आबा अनवाणी पळाले. बैलांच्या घुंगरांत त्यांची हाक कुणाला ऐकूच जाईना. घाटाच्या तोंडाशी त्यांनी गाडी गाठली, तेव्हा धाव दोन बोटं बाहेर सरकलेली.

"गोदे, लेकरू घे अन् उतर खाली!"

"काऊन रे दादा? आता कुठं लेकराचा डोळा लागला."

"उतर म्हन्तो ना!"

लाकूड फुगावं म्हणून प्यायच्या पाण्याची घागर त्यांनी चाकावर रिकामी केली. दगडाने ठोकून धाव जागेवर बसवली. मग रिकामी गाडी हळूहळू उतरू लागली. मागे लेकराला घेऊन गोदाबाई, आणि चाकाला लागून आबा. हात धावेवर. सरकली तर आधी हाताला कळावं म्हणून.

चाक टिकलं. काहीच झालं नाही.

खाली पोचल्यावर पाव्हणे पोट धरून हसले. "काय बे मेव्हण्या, बायको माही, लेकरू माहं, अन् भेव तुले सुटलं?"

आबांच्या तळहाताची सालं निघाली होती. भीती मात्र जी चढली, ती आज सकाळपर्यंत उतरली नाही.

तो भेगाळलेला तुकडा त्यांनी जपून ठेवला. माझ्या वर्कशॉपमध्ये मशीनच्या समोर त्यांनीच खिळ्याला टांगला.

"हरेक फळीचा एक तुकडा उन्हात टाकत जाय. गिऱ्हाईक काय म्हन्ते ते मंग आयक, पहिले त्या तुकड्याले इचार."

मी टाकतो. अजूनही.

पटाशीला धार नसली तर आबा कामाला हात लावू देत नसत. बोथट पटाशीला जोर लागतो, जोरात ती निसटते आणि बोटावर येते. दुसरा हात नेहमी धारेच्या मागे. पातं बदलताना नुसता स्विच बंद करून भागायचं नाही, प्लग काढून डोळ्यांसमोर ठेवायचा. लांब बाह्यांचा शर्ट घालून आलो की दारातूनच परत पाठवायचे. मोठा साहेब असो की नवी नवरी, गिऱ्हाईक उभं असताना मशीन चालू नाही.

मी वैतागायचो. पण काल रात्रीपर्यंत मला मशीनची भीती अशी कधी वाटलीच नाही. माझ्या वाटची भीती आबाच बाळगत होते.

आज वाटतेय. परवा एका लग्नातला दिवाण करून द्यायचा आहे, गिऱ्हाइकाचे दोन फोन येऊन गेले. लाकूड अजून पुरतं सुकलेलं नाही.

मी नाही म्हणून सांगितलं. तो चिडला. चिडू दे.

दुपारी आबांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून नेलं. आमच्या गावात नदीकडे जाताना मोठा उतार आहे. तिथे चुलतभाऊ ओरडला,

"अबे, बाजूले हो ना! चाकाखाली येशीन!"

तेव्हा मला कळलं, मी ट्रॉलीच्या चाकाला लागून चालत होतो. हात टायरवर.

"चालू दे," मी म्हणालो. "मले भेव लागते."

आबा, घाट उतरला. कुणाला काही झालं नाही.

आता तुम्ही हात काढा. मी ठेवलाय.