आठव्या दिवसाचं नाव

कोकणात आमच्या जातीला शनिवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. आजोबांपर्यंत हे बिरुद चाललं. बाबा पिंपरीला नव्या कंपनीत फिटर म्हणून लागले आणि ते संपलं, कारण कंपनीची सुटी रविवारी. शनिवारी बाबा निळा डगला चढवून निघत आणि आई भिंतीकडे तोंड करून बसे. क्वार्टरच्या रांगेत कुणी आम्हाला ख्रिस्ती समजे, कुणी मुसलमान. ज्यू म्हणजे काय हे सांगत बसण्यापेक्षा बाबा हो म्हणून मोकळे होत. आईला हे मुळीच खपत नसे.

माझा धाकटा भाऊ शुक्रवारी जन्मला. निदान बाबांच्या मते शुक्रवारी. ते दुसऱ्या शिफ्टला होते. घरी आले तेव्हा बाळ आईच्या कुशीत होतं आणि सुईण हात धुऊन गेली होती. आमच्यात मुलाची सुंता आठव्या दिवशी होते आणि नाव त्याच वेळी ठेवतात. तोवर बाळ नुसतं बाळ. बाबा रविवारी पुण्याला गेले, सुंता करणाऱ्या मोहेलकाकांना भेटले आणि पुढचा शुक्रवार ठरवून आले.

आईने विचारलं, "अंधार पडल्यावर झाला, हे सांगितलंत का?"

बाबांनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं. आमचा दिवस सूर्य बुडाला की बदलतो. आईने शब्बाथचा, म्हणजे आमच्या शनिवारच्या पवित्र विसाव्याचा, दिवा लावला, बाहेर चांगलं काळोखलं, आणि त्यानंतर बाळ आलं. म्हणजे ते शनिवारचं. हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी नऊ वर्षांची होते, मलाही ठाऊक होतं. पण इतकी वर्षं भोंग्यावर उठबस केलेल्या माणसाचा शुक्रवार रात्री बारापर्यंत चालतो.

"एक दिवस अलीकडे झालं तर देव काय खाडा लावणार आहे?" बाबा म्हणाले.

"आठव्याच्या आधी केलेली सुंता सुंताच नव्हे," आई म्हणाली. "पुन्हा जा."

बाबा पुन्हा गेले, मोहेलकाकांची बोलणी खाऊन आले, आणि शनिवारची रजा मागायला साहेबापुढे उभे राहिले. रजा मिळाली. शब्बाथला गाडीत बसत नाहीत म्हणून मोहेलकाका शुक्रवारी ऊन उतरायच्या आत आले. आमच्या एका खोलीत त्यांची पथारी पडली. सुंतेच्या वेळी एलियाहू हन्नाबी या आमच्या प्रेषितासाठी एक खुर्ची रिकामी ठेवायची असते. आमच्याकडे खुर्ची कुठली? शेजारच्या काकूंकडून आणली, तिच्यावर पांढरी चादर घातली. काकूंचं माहेर चाकणच्या बाजूचं. "द्येव बसनार म्हंता? मग चांगली पुसून न्या," म्हणाल्या.

मोहेलकाकांनी बाळाला उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बाळ हळदीसारखं पिवळं होतं. दोन दिवस ते नीट पीत नव्हतं, पण आईला वाटत होतं, दमलंय. "रंग उतरेपर्यंत हात लावायचा नाही," काका म्हणाले. बाबा डॉक्टरला घेऊन आले. डॉक्टरांनी उद्या पुण्याच्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं.

शनिवारी उजाडायच्या सुमारास बाळ गेलं. आईने त्याला हलवलं, पायाला चिमटा काढला, आणि मग रडायच्या आधी तिने एकच वाक्य उच्चारलं, "नाव न ठेवताच गेला."

बाबा कडाडले, "शुक्रवारी केलं असतं तर नाव तरी मिळालं असतं!" शुक्रवारीही बाळ पिवळंच होतं आणि कुणी त्याला हात लावला नसता, हे त्यांना कळत होतं. पण रागाला कुणीतरी लागतंच, आणि आई समोर होती.

रडणं ऐकून काकू आल्या. "आमच्यात बी ल्हान लेकरू पुरत्यात, वैनी. नदीच्या कडंला जागा हाय. ह्यांना संगं धाडते. उन्हाचं असं घरात ठिवू न्हाई." त्या माऊलीच्या मनात काही वाईट नव्हतं. बाबा तर उठलेच.

"आज शब्बाथ आहे. आज पुरता येत नाही," आई म्हणाली. "आणि नदीवर नाव कोण ठेवणार?" तिने बाळाला छातीशी इतकं घट्ट धरलं की मोहेलकाकांनाच पुढे व्हावं लागलं. त्यांनी बाबांना समजावलं. सुंतेआधी गेलेल्या मुलाची सुंता कबरीपाशी करतात आणि तिथेच नाव ठेवतात. शेवटच्या दिवशी मेलेले उठतील तेव्हा हाक मारली तर त्याला कळावं म्हणून. पण ते सगळं उद्या, पुण्याच्या आपल्या कबरस्तानात.

"मग मी ड्युटीवर जातो," बाबा म्हणाले.

रजा असताना ते गेले. मेलेलं मूल घरात ठेवून गेले. मला त्यांचा तेव्हा जो संताप आला तो पुरता कधीच गेला नाही, मी स्वतः दोन लेकरांची आई झाले तरी. लोक म्हणत, पुरुषाला रडता येत नाही. न येऊ दे, बसता तर येतं! दिवसभर मी विंझण्याने माशा वारत बसले. मोहेलकाका कोपऱ्यात पुटपुटत होते. आई बाळाकडे बघत होती आणि अधूनमधून त्याचं टोपडं सारखं करत होती.

रविवारी सकाळच्या गाडीने बाबा आणि काका बाळाला घेऊन पुण्याला गेले. बायका कबरस्तानात जात नसत, म्हणून आई मागे राहिली. दुपारी बाबा एकटेच परतले. चपला काढून उंबऱ्यातच बसले.

आईने विचारलं, "काय ठेवलं?"

बाबांनी नाव सांगितलं. त्यांच्या वडिलांचं. सांगून त्यांनी तोंड गुडघ्यांत घातलं.

आई उठली. त्यांना ओलांडून बाहेर ओट्यावर गेली आणि रस्त्याकडे तोंड करून ते नाव मोठ्याने घेतलं, पोरांना जेवायला बोलावतात तसं.

काकू लगबगीने दारात आल्या. "कुनाला हाक मारली वो, वैनी?"

"आमच्या धाकट्याला," आई म्हणाली.