अळीला श्रद्धांजली आणि हरण्याला केक

व्हॉट्सॲप ग्रुपचे मेसेज डिलीट करता येतात, किस्से मात्र डिलीट होत नाहीत. उलट साठतच जातात! आमच्या 'शिवार चर्चा' ग्रुपचे एवढे साठलेत की औशाच्या माझ्या खत-बियाण्यांच्या दुकानात कुणी चहाला टेकलं, की युरियाआधी किस्साच मागतं.

ग्रुपवर मुखेड, उमरी, औसा अशी सगळीकडची शेतकरी मंडळी. ग्रुप काढला मुखेडच्या गुरुजींनी. शाळेतून रिटायर झाले, पण शिकवायची खोड काही रिटायर झाली नाही. मी दोन नंबरचा ॲडमिन, म्हणजे वर्गातला मॉनिटर समजा.

पहिल्याच दिवशी गुरुजींनी नियम टाकले. मेसेज पूर्ण वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. ज्याला उत्तर देतोय तो मेसेज बोटानं दाबून धरायचा, मग लिहायचं. आणि गुड मॉर्निंग अजिबात चालणार नाही!

त्याखाली पाच मिनिटांत उमरीच्या बालाजीचं पहिलं उत्तर आलं, गुलाबाच्या तयार चित्रावर छापलेलं: "गुड मॉर्निंग गुरुजी!"

*

हा बालाजी म्हणजे ग्रुपचं रत्न! त्याला टायपिंगचा भारी कंटाळा. एकदा त्यानं चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला, तोही सोयाबीनच्या मळणी यंत्राशेजारी उभं राहून. आम्ही सगळ्यांनी कानाला फोन लावला आणि सगळ्यांनीच काढला.

गुरुजींनी मात्र चारही मिनिटं ऐकलं. मेसेज दाबून धरला आणि खाली लिहिलं, "मळणी ऐकली. छान चालली आहे. आता प्रश्न लिहा."

*

गुरुजींच्या घरच्या मालनकाकूही ग्रुपवर आहेत. त्यांनी आजवर एक अक्षर टाइप केलेलं नाही. पाऊस पडो, भाव पडो, कुणाच्या नातवाचं बारसं असो, काकूंचं उत्तर एकच: जोडलेले दोन हात!

एकदा शेतातून गुरुजींनी चुकून घरचा मेसेज ग्रुपवरच टाकला. "अर्ध्या तासात पोचतो. चहा ठेवता का?"

काकूंनी हात जोडले. गुरुजी घरी गेले तर चूल थंडगार!

*

आता आमच्या ग्रुपचा खरा रोग सांगतो. आमच्याकडं मेसेज कुणी वाचत नाही. वरच्यानं काय लिहिलं ते बघायचं, तेच खाली चिकटवायचं आणि कामाला लागायचं. रांगेत उभं राहिल्यासारखं!

औशाच्याच सुरेखाताई एकट्या बाईमाणूस आठ एकर करतात. त्यांनी विचारलं, "तुरीवर आळी पडली हाय, कोन्तं औषध मारू?" कुणीतरी दुसऱ्या ग्रुपचं उत्तर इथं टाकलं: "भावपूर्ण श्रद्धांजली." झालं! बघता बघता खाली अकरा श्रद्धांजल्या. दोघांनी तर "आत्म्यास शांती लाभो"ही लिहिलं.

शेवटी ताई भडकल्या. "आवं, आळी अजून जित्ती हाय! औषध सांगा!"

*

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. पुढचं सांगताना मात्र मला अजून लाज वाटते, कारण त्यात रांगेतला पहिला माणूस मीच होतो.

गुरुजींकडं हरण्या नावाचा लाल कंधारी बैल होता. मुखेडच्या बाजारातून वासरू असताना आणलेला. एका सकाळी गुरुजींचा लांबलचक मेसेज आला. सुरुवात अशी: "आमच्या हरण्याला घरी येऊन आज अठरा वर्षे झाली." दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी एवढंच वाचलं आणि लिहून टाकलं, "अभिनंदन गुरुजी!" वर केकचं चित्र!

मग काय, रांग लागली. अभिनंदन, अभिनंदन, केक, फुगे. बालाजीनं तर दोनदा केक पाठवला.

दुपारी जेवताना मी सहज मेसेज पूर्ण उघडला. शेवटची ओळ होती, "आज पहाटे तो गेला. बांधावर त्याला माती दिली. घर रिकामं वाटतं आहे."

घास तोंडातच राहिला. घाईघाईनं ग्रुप बघितला, तर तिथं बारीक अक्षरांत आलं होतं: गुरुजींनी ग्रुप सोडला.

मी फोनवर फोन केले. गुरुजींनी उचलला नाही. शेवटी काकूंना लावला. त्या म्हणाल्या, "सकाळधरनं जेवले न्हाईत. तुमचे केक बघून राहिलेत." काकूंचं एवढं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि तेही असलं ऐकावं लागलं.

गुरुजी गेले तर ग्रुपला विचारतो कोण? आणि माझं म्हणाल तर, त्या माणसानं मला कधी अर्धवट उत्तर दिलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, चूक ग्रुपवर केली तर माफीही ग्रुपवरच मागायची. गुरुजी नसले तरी काकू ग्रुपवर होत्याच. मी लिहिलं, "गुरुजी, तुमचा मेसेज पूर्ण न वाचता मी अभिनंदन लिहिलं. हरण्या गेला आणि मी केक पाठवला. मला माफ करा."

खाली लगेच सुरू झालं. "माफ करा गुरुजी." "माफ करा गुरुजी." बघता बघता चाळीस माफ्या! मला भरून आलं. म्हटलं, काही असो, माणसं आपली आहेत.

तेवढ्यात काकूंच्या नंबरवरून उत्तर आलं. हात नव्हते, चक्क अक्षरं होती! बालाजीचा "माफ करा गुरुजी" दाबून धरून खाली एकच शब्द लिहिला होता: "कशाबद्दल?"

जरा वेळानं बालाजीनं, जन्मात पहिल्यांदा, टाइप केलं. "म्हाईत न्हाई गुरुजी. समदे मागून राहिले म्हून म्या बी मागितली. काय झालं हाय का?"

काकूंच्या नावाखाली 'टाइप करत आहे' दिसायचं आणि जायचं. पुन्हा दिसायचं, पुन्हा जायचं. माझ्या दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, तीही माझ्या फोनमध्ये डोकं घालून बसली.

मग आलं, "मला परत ग्रुपवर घ्या. याला अजून शिकवायचं राहिलं आहे."

मी क्षणात गुरुजींना ॲड केलं. त्याखाली काकूंच्या नंबरवरून जोडलेले दोन हात आले.