डावीकडचा ब्रेक

रोशनीचं लायसन्स गुरुवारी पोस्टाने आलं. संध्याकाळी जेवताना तिने जाहीर केलं, "रविवारी मी आईले घेऊन उमरेडले जातो. मावशीकडं. गाडीनं. आमी दोघीच."

जयाबाईंनी भाकरी मोडता मोडता लेकीकडे पाहिलं. "पाहा बाई. मले धड पोचव, म्हणजे झालं."

आनंदरावांचा घास हातातच राहिला. त्या घरात एक गोष्ट फक्त त्यांनाच माहीत होती. रस्त्यावर रोशनीने आजवर एकदाही गाडी एकटीने थांबवली नव्हती.

गाडी जुनी होती. बंद पडलेल्या एका ड्रायव्हिंग स्कूलकडून घेतलेली. शिकवणाऱ्यासाठी डावीकडे असतो तो जादा ब्रेक तिच्यात तसाच होता. दोन्ही पेडल एका लोखंडी दांड्याने जोडलेली. एक दाबलं की दुसरंही खाली जायचं. रोशनी म्हणाली होती, हे काढून टाका. आनंदराव म्हणाले, लायसन्स येईपर्यंत राहू दे. कधी गरज पडली तर.

गरज पहिल्याच दिवशी पडली. मग रोज पडत गेली.

आनंदराव रंगारी एकतीस वर्षं ट्रकवर होते. वाडीच्या गोदामात माल भरायचा आणि निघायचं. हैदराबाद, रायपूर, इंदूर. एकतीस वर्षांत अंगावर एक ओरखडा नाही, गाडीला एक पोचा नाही. काचेचा माल आला की मालक दुसऱ्या कोणाचं नाव घ्यायचा नाही. काचेच्या उभ्या पेट्या घेऊन आनंदराव घाट उतरायचे आणि पोचल्यावर पेटीत एक तडा सापडायचा नाही. सगळं त्यांच्या उजव्या पायात होतं.

त्या पायाच्या गुडघ्यावर एक खोलगट डाग होता. सतराव्या वर्षी ते क्लीनर म्हणून लागले, तेव्हाचा. ट्रकचा ड्रायव्हर त्यांचा उस्ताद. शिकवायचा चांगलं. पण ब्रेक उशिरा लागला की त्याच्या हातातला पाना गुडघ्यावर बसायचा. सहा महिन्यांत आनंदरावांचा पाय तयार झाला. गुडघा थंडीत अजूनही ठणकतो. घरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं की पडलो होतो.

रोशनी तेवीस वर्षांची. धंतोलीच्या एका दवाखान्यात लॅबमध्ये कामाला. एक दिवस ती म्हणाली, "बाबा, मले गाडी शिकवा." त्याच क्षणी आनंदरावांनी मनाशी ठरवलं. हात उचलायचा नाही. आवाज चढवायचा नाही. ठरवलं ते त्यांनी पाळलं. रोशनीचा क्लच सुटला तरी ते हसले. गिअर करकरला तरी हसले. ती ब्रेक हळू दाबायची. ते न बोलता आपल्या बाजूने उरलेला दाबायचे. इतका अलगद, की तिला कळायचंच नाही. तिच्या पायाखालचं पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जायचं. तिला वाटायचं, ब्रेक हलका आहे.

लायसन्सच्या परीक्षेत ती पास झाली. तिथे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आठचा आकडा काढायचा होता. तेवढ्या वेगाला तिचा पाय पुरला.

गॅरेजवाले मारोतराव एकदा मागच्या सीटवर बसून आले. उतरताना म्हणाले, "आनंदराव, पोरीचा पाय तं लोण्यावानी चालते गा! तुमचंच रक्त." रोशनी लाजली. आनंदरावांनी मान डोलावली. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

शुक्रवार तसाच गेला. शनिवारीही दोनदा तोंडाशी आलं आणि परत गेलं.

रविवारी सकाळी सगळे उठायच्या आधी ते अंगणात गेले. बॉनेट उघडलं. बॅटरीची एक तार ढिली केली. बॉनेट लावताना त्यांना स्वतःची लाज वाटली. पण त्यांनी ते लावलं.

सात वाजता रोशनीने चावी फिरवली. काही नाही. आनंदराव चहाचा कप घेऊन बाहेर आले.

"नाई होऊन राहिली का सुरू? राहू दे मंग आज. बसनं जा."

रोशनी खाली उतरली, बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं. घरात जाऊन पाना आणला. दोन मिनिटांत बॉनेट खाली पडलं.

"टर्मिनल ढिलं होतं, बाबा. तुमीच सांगितलं होतं ना, गाडी बोलली नाई की आधी तिथं पाहायचं."

गाडी सुरू झाली. आनंदराव झटकन डावीकडच्या दाराशी गेले. तिथे जयाबाई बसल्या होत्या. ठेवणीतली साडी, मांडीवर कुरडयांची पिशवी.

"इकडं कुठं?" त्या म्हणाल्या. "जिंदगीभर तुमीच बसले समोर. एक दिवस मले तं बसू द्या."

"नाक्यापर्यंत येतो. मारोतरावकडं काम आहे."

"रविवारी?" रोशनी म्हणाली. मग हसली. "बसा मागं. पण नाक्यावर उतरायचं हं. आई, तू पाय मागं घेऊन बस. तिथं डावा ब्रेक आहे. मारोतकाका उद्या काढणार आहेत."

मागच्या सीटवरून आनंदरावांना लेकीची मान दिसत होती आणि आरशात तिचे डोळे. गाडी गल्लीतून बाहेर पडली. गिअर बरोबर पडत होते. आरसा बघणं बरोबर. इंडिकेटर वेळेवर. शिकवलेलं सगळं तिने नीट उचललं होतं. फक्त एक गोष्ट शिकवलेली नव्हती. सांगायला चार शब्द पुरले असते. माय, ब्रेक जोरात दाब. पुढच्या वळणावर सांगू, असं त्यांनी ठरवलं. वळण आलं. गेलं. त्या चार शब्दांच्या मागे शिकवणीचे अडीच महिने उभे होते.

गाडी अमरावती रोडला लागली. रोशनीने वेग घेतला. पुढे धर्मकाट्यावरून वजन करून एक ट्रक रस्त्यावर आला. भरलेला होता. जरा पुढे जाऊन त्याचे मागचे दिवे लाल झाले.

ते लाल आनंदरावांनी आधी पाहिलं. त्यांचा पाय खाली गेला. खाली नुसतं रबरी पायपुसणं होतं.

रोशनीनेही ब्रेक दाबला. वेळेवर दाबला. नेहमी दाबायची तसाच, तेवढाच. गाडी मंदावली. थांबली नाही. ट्रकची पाठ मोठी होत गेली. आधी नंबर दिसला, मग नंबराखालचा आडवा लोखंडी बार, मग त्या बारावरचा गंज.

"बाबा!" रोशनी ओरडली.

"अगं माय वं!" जयाबाईंनी डोळे मिटले आणि दोन्ही पाय पुढे ताणले.

गाडी धाडकन थांबली. इंजिन बंद पडलं. बॉनेट आणि लोखंडी बार यांच्यात वीतभर अंतर होतं. कुरडयांचा चुरा सगळीकडे सांडला.

 ट्रक पुढे निघून गेला. मागून हॉर्न वाजू लागले.

"बाई वं," जयाबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या पायाखाली काईतरी दबलं."

रोशनीने खाली पाहिलं. आईची चप्पल डाव्या ब्रेकवर होती. मग तिने आपल्या पायाकडे पाहिलं. मग आरशात. आनंदरावांनी मान खाली घातली.

"बाजूला घे," ते म्हणाले.

तिने गाडी एका गोदामाच्या भिंतीशी लावली. हात स्टीअरिंगवरच ठेवले.

"मी नेहमीसारखाच दाबला होता, बाबा."

"हो."

"नेहमी लागते."

"हो."

"मंग आज काहून नाई लागला?"

"नेहमी दोघाचे पाय राहत होते."

रोशनीला समजायला थोडा वेळ लागला. "कवापासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"दर वेळेस?"

"दर वेळेस."

जयाबाई सीटवर पूर्ण मागे वळल्या. "तुमाले माहीत होतं? आन् मले समोर बसू देल्लं?"

आनंदराव वाकून पायाशी सांडलेला कुरडयांचा चुरा गोळा करू लागले. 

रोशनी उतरली. भिंतीपर्यंत गेली, परत आली. मागच्या खिडकीशी वाकून म्हणाली, "मारोतकाका म्हणत होते, लोण्यावानी पाय. तो तुमचा पाय होता."

"हळूहळू कमी करतो म्हणत होतो मी. रोज म्हणत होतो. रोज समोर कोणी ना कोणी येत होतं."

"तं रागवायचं होतं! वरडायचं होतं माझ्यावर!"

आनंदरावांनी पँट वर सरकवली. तो डाग तिने लहानपणापासून पाहिला होता.

"हा पडून नाई झाला. असा शिकलो मी. उस्तादाचा पाना खाऊन. तुले तसं नोतं शिकवायचं."

तिने डागाकडे पाहिलं. तिचा चेहरा मऊ झाला नाही.

"मारायचं नोतं, ठीक आहे," ती म्हणाली. "सांगायचं तं होतं."

मग तिने चावी त्यांच्या पुढे धरली. "तुमी चालवा. आई, तू मागं बस."

ती डावीकडे बसली. चप्पल काढली. अनवाणी पाय डाव्या ब्रेकवर ठेवला.

गोदामांच्या मागे रिकामं मैदान होतं. रविवारी तिथे ट्रक नसायचे. आनंदरावांनी चाळीसचा वेग घेतला आणि ब्रेक दाबला. रोशनीच्या पायाखालचं पेडल खाली गेलं. आणखी खाली गेलं. तिच्या अंदाजाच्या कितीतरी पुढे.

"इतका?"

"इतका."

"पुन्हा."

त्यांनी पुन्हा केलं. मग पुन्हा. आधी थोडा, मग पूर्ण, आणि थांबता थांबता केसभर सैल, म्हणजे बसलेल्याची मान हलत नाही. हे त्यांनी आजवर कोणाला शिकवलं नव्हतं. बोलून सांगायला त्यांच्याकडे शब्दही नव्हते. रोशनी डोळे मिटून पायाने ऐकत होती.

"आता उतरा," ती म्हणाली. "दोघंबी."

दोघं भिंतीशी उभे राहिले. आनंदरावांनी मैदानात एक रिकामं पोतं टाकलं. पोत्याच्या अलीकडे थांबायचं. पहिल्यांदा गाडी पोत्यावरून गेली. दुसऱ्यांदाही गेली. आनंदरावांचा पाय दर वेळी जमिनीत रुतत होता.

"त्या उस्तादानं तुमाले मारलं तरी," जयाबाई त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, "थांबता तं यायला लागलं."

सहाव्यांदा गाडी पोत्याच्या आधी थांबली. मान हलेल अशी थांबली. पण थांबली.

त्या रविवारी उमरेडला कोणी गेलं नाही. सोमवारी मारोतरावांनी डावा ब्रेक काढला. "काय गा, पोरगी तयार झाली म्हणता, आन् तोंड काहून असं?" त्यांनी विचारलं. आनंदरावांनी त्यांना सगळं सांगितलं. मारोतरावांनी काढलेलं पेडल भंगारात टाकलं.

पुढचे पंधरा दिवस रोशनी रोज पहाटे मैदानात जायची. एकटी. आनंदराव घराच्या पायरीवर बसून गाडीचा आवाज परत येण्याची वाट पाहायचे. ती त्यांच्याशी बोलायची, पण कामापुरतंच.

तिसऱ्या रविवारी जयाबाई नव्या कुरडया घेऊन निघाल्या. दाराशी क्षणभर थांबल्या. मग पुढेच बसल्या.

"येतो, बाबा," रोशनी म्हणाली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

गाडी वळली आणि आनंदराव मागे चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेले. पुढे सिग्नल होता. सिग्नल लाल झाला. गाडीच्या पुढे एक भरलेला ट्रक मंदावत होता.  ट्रकचे मागचे दिवे लागले. लगेच तिचेही लागले. गाडी थांबली. तिच्यात आणि ट्रकमध्ये आणखी एक गाडी उभी राहिली असती, एवढी जागा उरली होती. कोणाची मान हलली असेल असं इतक्या लांबून वाटलं नाही.

सिग्नल सुटला. तांबडे दिवे विझले. गाडी दिसेनाशी झाल्यावर आनंदरावांना कळलं की आपल्या उजव्या पायाची बोटं चपलेत घट्ट वळली आहेत. त्यांनी ती सोडली.