सातव्या महिन्यात ओलांडलेली नदी

गरोदर बाईने नदी ओलांडायची नाही, हे आईने मला इन्व्हर्नेसच्या विमानतळावरच सांगून टाकलं. मी म्हणाले, "आई, हीथ्रोहून इथे येईपर्यंत खालून किती नद्या गेल्या असतील!" तर म्हणाली, "विमानातून ओलांडलेल्या धरत नाहीत." हे कोणी ठरवलं असं विचारणार होते, पण मला भूक लागली होती, आणि सातव्या महिन्यात भूक लागली की मी कोणाशीच धड बोलत नसे.

आई पुण्याहून माझ्या बाळंतपणासाठी आली होती. ब्रॅकनेलच्या आमच्या फ्लॅटमधलं एक कपाट तिने डिंक, खारीक आणि अळिवाच्या डब्यांनी भरून टाकलं होतं आणि आता ती फक्त बाळाची वाट बघत होती. नवऱ्याच्या डोक्यात वेगळंच होतं. बाळ आलं की वर्षभर आपण कुठे हलत नाही, तेव्हा मेच्या शेवटच्या बँक हॉलिडेला स्कॉटलंडचे हायलँड्स करून टाकू. मिडवाइफनेही 'चाल, फिर, फक्त दमू नकोस' असं सांगितलेलं. मला तर कधीपासून डोंगरातली नदी बघायची होती. थेम्स छान आहे, पण ती रिटायर झालेल्या माणसासारखी चालते. मला धावणारी नदी हवी होती.

आईला एकटीला घरी ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती आली, आणि तिच्या पर्समधून एक नारळही आला. हाउन्सलोच्या दुकानातला. सिक्युरिटीवाल्याने तो मशीनमधून दोनदा फिरवला आणि मग हातात घेऊन कानाशी हलवून बघितला. "कशाला आणलास?" मी विचारलं. "असू दे बरोबर," ती म्हणाली. आईच्या 'असू दे'पुढे प्रश्न विचारायचे नसतात, हे मी लहानपणीच शिकले आहे.

नदी खरोखर धावत होती. दोन्ही बाजूंना डोंगर, वरच्या घळींत अजून बर्फाचे पांढरे पट्टे, आणि खाली चहाच्या रंगाचं पण तळ दिसेल इतकं नितळ पाणी. दगडांवरून फेसाळत खाली येत होतं. आमच्या डोक्यावर ऊन होतं. वरच्या अंगाला, नदी जिथून येत होती तिथे मात्र आकाश काळं झालं होतं. कार पार्कमधल्या पाटीवर लिहिलं होतं की डोंगरात पाऊस पडला तर पाणी एकदम वाढतं. आम्ही ती वाचली, आणि अशा पाट्या वाचून माणसं करतात तेच केलं. सँडविचं घेऊन पुढे निघालो.

थोडं चालल्यावर लाकडी पूल लागला. पलीकडे गेलं की दहा मिनिटांवर धबधबा. आई पुलाच्या अलीकडेच थांबली.

"तू जायचं नाहीस," ती मला म्हणाली. नवऱ्याला म्हणाली, "तुम्ही बघून या, फोटो काढा. आम्ही दोघी इथे बसतो."

"आई, हा पूल आहे. मी पोहत जाणार नाहीये."

"ओलांडणं ते ओलांडणंच."

नवरा म्हणाला, "आई, ती अर्ध्या तासात जाऊन येईल. टोटली सेफ आहे." तिने त्याच्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली. मला त्या नजरेचा राग आला. तिशी ओलांडलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून आलेल्या बाईला कोणीतरी पुलावर अडवतंय, आणि तेही नदीला काय वाटेल म्हणून! मी चालू लागले. पूल डुगडुगला. मागे वळून बघितलं नाही.

धबधबा सुंदर होता असं नवरा सांगतो. मला त्याचा आवाज तेवढा आठवतो. आम्ही परत फिरलो तेव्हा तो आवाज कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालला होता. वाटेवरून खाली नदी दिसली आणि तिचा रंगच बदललेला. चहाचं नितळ पाणी जाऊन गढूळ, काळपट पाणी आलं होतं, आणि त्यावरून डहाळ्या वाहत होत्या. पुलाजवळ पोचलो. पलीकडच्या काठावर आई नव्हती.

ती नदीत होती. पुलाच्या थोडं खाली, मधोमध एका सपाट खडकावर उभी होती. तिच्या काठापासून त्या खडकापर्यंत मघाशी दगडांची रांग होती, मीच बघितली होती, कोणीही चालत गेलं असतं. आता दगड दिसत नव्हते. तिच्या हातात हिरवा खण होता आणि छातीशी तो नारळ.

मला कोणी काही सांगायची गरज नव्हती. मी ओलांडून गेले, नदीचा मान ठेवला नाही, म्हणून आई तिची ओटी भरायला गेली होती. नदी म्हणजे बाई, तिची खणानारळाने ओटी भरली की तिचा राग राहत नाही. आणि काठाच्या साचलेल्या पाण्यात ओटी सोडायची नसते, वाहत्या धारेत सोडायची असते. माझ्या आईने आयुष्यात कुठलंच काम अर्धवट केलेलं नाही. तिने धार शोधली.

तिला पोहता येत नाही.

नवरा पूल ओलांडून तिच्या काठाकडे धावला. मी धबधब्याच्या बाजूच्या काठावरच राहिले, कारण इथून ती जवळ दिसत होती. मी उतरून थेट पाण्यापर्यंत गेले, ओल्या दगडांवर उभी राहिले आणि ओरडले, "आई, बस! खाली बस!" तिला ऐकू गेलं नसावं. तिने मला बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जी भीती आली ती तिच्या स्वतःसाठी नव्हती. पोट घेऊन निसरड्या दगडांवर उभी असलेली मुलगी तिला दिसत होती. तिने हात हलवला. मागे हो, मागे हो. मी दोन्ही हातांनी खूण केली, बस, बस. ती बसली नाही. माझ्या दिशेने खडकाच्या टोकापर्यंत आली. मी घाबरून आणखी एक दगड पुढे गेले. ती आणखी पुढे झुकली. तिने नारळ खाली ठेवला, हात मोकळे करायला. पाण्याने तो उचलला आणि नेला.

 मला राग इतका आला की माझी मलाच ओळख पटेना. "हलू नकोस! एकदा तरी माझं ऐक!" मी किंचाळत होते आणि रडत होते, आणि माझं रडणं तिला दिसत होतं. तिने एक पाय खाली सोडून पाण्याचा अंदाज घेतला. ती माझ्याकडे यायला निघाली होती. लहानपणी मी पडल्यावर उचलायला यायची, तशीच.

तेवढ्यात वरच्या अंगाने दोन कयाक, वल्ह्यांच्या अरुंद होड्या, आले. एक पुरुष आणि एक पिकल्या केसांची बाई. पुरुष सरळ पलीकडच्या काठाला लागला, जिथे नवरा हातवारे करत होता. बाई माझ्या बाजूला उतरली आणि कयाक ओढून ठेवून माझ्याजवळ आली. तिने मला दंडाला धरलं.

"ती तुझी आई?" तिने इंग्रजीत विचारलं.

"हो. तिला पोहता येत नाही. प्लीज, तिला बसायला सांगा, ती ऐकत नाहीये!"

"ती पाण्याकडे बघतच नाहीये," बाई म्हणाली. "ती तुझ्याकडे बघतेय. तू इथून जा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती परत म्हणाली, सावकाश, माझ्या डोळ्यांत बघत. "माझा जोडीदार दोर घेऊन त्या खडकावर जाईल. पण तो पोचेपर्यंत तुझ्या आईने बसून राहायला हवं. तू काठावर आहेस तोवर ती बसणार नाही. वर जा, झाडामागे बस, तिला दिसू नकोस."

"मी तिला सोडून जाणार नाही."

"ती तुझ्यासाठी पाण्यात पाय टाकेल," ती म्हणाली. "मग आम्हाला काही करता येणार नाही."

आईकडे पाठ करून मी चढ चढले. इतकी जड पावलं मी त्यानंतर लेबर वॉर्डातही टाकली नाहीत. वर बर्चचं एक वाकडं झाड होतं, त्याच्यामागे ओल्या गवतावर बसले. तिथून नदी दिसत नव्हती. त्या बाईची केशरी जॅकेटमधली पाठ दिसत होती, आणि पाण्याचा आवाज येत होता. पोटावर दोन्ही हात घट्ट दाबून मी त्या केशरी पाठीकडे बघत होते. पाठीवरून माणसाचं काय चाललंय ते किती कमी कळतं!

ती पाठ हलली नाही. मग बाईने एक हात मागे करून अंगठा वर केला. आई बसली होती.

मी दिसेनाशी झाल्यावर ती बसली. त्यावर मी नंतर अनेकदा विचार केला, पण तेव्हा मी फक्त देवाचं नाव घेत होते. देव मी मानत नाही असं त्याच सकाळी नवऱ्याला सांगितलं होतं. शिट्टी वाजली. पुरुष काहीतरी ओरडला, नवरा ओरडला, आणि केशरी पाठ एकदम काठाकडे पळाली, इतकी की मला ती दिसेना. आता बघायला काहीच नव्हतं. उठावं की नाही? उठले आणि आईने मला बघितलं तर? मी गवत मुठीत धरून बसून राहिले. मला वाटलं, आता जे व्हायचं ते होऊन गेलंय, फक्त मला सांगायला कोणी आलेलं नाही.

बाई वर आली तेव्हा ती कमरेपर्यंत भिजलेली होती आणि हसत होती. "शी इज आउट," ती म्हणाली.

कसं काढलं ते नवऱ्याने सांगितलं. दोराचं एक टोक झाडाला बांधून त्याने धरलं होतं. त्या माणसाने खडकावर जाऊन स्वतःचं लाइफ जॅकेट आईला घातलं, तिला छातीशी धरलं आणि पाण्यात शिरला. धारेने त्या दोघांना खाली नेलं आणि दोराने काठाला आणून टाकलं. सगळा वेळ आई त्याच्याशी मराठीत बोलत होती. "मुलीला सांगा, पुढे येऊ नकोस म्हणावं," एवढं एकच वाक्य, पुन्हा पुन्हा.

मी खाली आले. आई पलीकडच्या काठावर, ऊब धरणाऱ्या चंदेरी फॉइलमध्ये गुंडाळलेली, नवऱ्याच्या फ्लीसमध्ये थरथरत बसली होती. जिवंत होती. मला धावत तिच्याजवळ जायचं होतं. मी पुलाकडे वळले, आणि तिने मला बघून हात वर केला.

"ओलांडू नकोस!" आता आवाज नीट आला.

"आई, गाडी तिकडे आहे!" मी ओरडले. "ब्रॅकनेल तिकडे आहे, हॉस्पिटल तिकडे आहे! मी काय इथेच बाळंत होऊ?"

तिने विचार केला. भिजलेली, दातावर दात वाजत असलेली, नुकतीच नदीतून ओढून काढलेली बाई बसून विचार करत होती. कयाकवाल्या बाईने मला सांगितलं, पूल भक्कम आहे, पाणी खूप खाली आहे, जा खुशाल. मी पहिल्या फळीवर पाय ठेवला.

"थांब तिथेच," आई म्हणाली, आणि उठली. नवरा आणि तो माणूस तिला धरायला गेले, तिने दोघांनाही बाजूला सारलं. एका पायात बूट, दुसरा अनवाणी. फॉइल वाजवत ती पुलावर आली. माझ्याजवळ पोचली, पण मला मिठी मारली नाही, रडलीही नाही. तिने आधी खाली बघितलं, पाणी कोणत्या बाजूने येतंय ते. मग मला दुसऱ्या बाजूला केलं आणि माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"चल आता," ती म्हणाली. "मी आहे ना या अंगाला."

आम्ही चालू लागलो. पाणी जिकडून येत होतं तिकडे पोहता न येणारी माझी आई, आणि तिच्या आड मी.