सर्व खुशाल

परदेशाची हौस असलेल्या कुणालाही माझ्या आत्यापाशी अर्धा तास बसवलं असतं, तर त्यानं पासपोर्ट निमूटपणे परत केला असता. एकोणीसशे सत्तरनंतरच्या त्या वर्षांत इराणमध्ये नर्सेस हव्या होत्या. सोलापुरात बारा वर्षं नर्सचं काम केलेली, लग्न न केलेली आमची आत्या करारावर तिकडे गेली. दर दोन वर्षांनी ती सुट्टीवर आली, की शेजारच्या बायका नायलॉनच्या साड्या बघायला जमत आणि आत्या त्यांना गाऱ्हाणी ऐकवी. "बर्फाचं काय कौतुक सांगता? वाळत घातलेलं लुगडं पत्र्यासारखं ताठ उभं राहतंय. घडी घालायला गेलं की कडकड वाजतंय." तिथली रोटी आपल्या चादरीएवढी लांब, चहा बिनदुधाचा, साखर त्यात न घालता दातात धरायची, आणि सुट्टी शुक्रवारी. रविवारी कामाला जाणं तिच्या जिवावर येई, म्हणून त्या दिवशी ती निदान डोक्याला भरपूर तेल थापून जाई. इथून नेलेलं ज्वारीचं पीठ दोन महिन्यांत संपे. शेवटची मूठ मात्र ती डब्यात तशीच ठेवी. "खायला न्हाय, वास घ्यायला," असं ती अगदी गंभीरपणे सांगायची.

भाषेचं दुखणं वेगळंच. रोगी तिला 'दोख्तर' म्हणत. आपल्याला डॉक्टर समजतायत असं वाटून ती महिनाभर प्रत्येकाला "न्हाय, नर्स, नर्स" असं सांगत राहिली. मग कुणीतरी समजावलं, की त्या भाषेत दोख्तर म्हणजे मुलगी. त्यानंतर तिनं कुणाला नाही म्हटलं नाही. स्वतः मात्र ती रोग्यांशी सरळ मराठीतच बोले. सुईला घाबरणाऱ्या म्हातारीला म्हणायची, "मुंगी चावल्यागत हुईल की, एवढं काय!" आणि म्हातारी मुकाट्यानं दंड पुढं करायची, असा तिचा दावा होता.

पत्र जायला पंधरा-वीस दिवस लागत, यायला तितकेच. त्यामुळे आमच्या घरचा प्रत्येक आजार तिच्यापर्यंत बरा होऊनच पोहोचे. मला ताप आला, त्यावर तिनं पाठवलेलं चार पानी पथ्य घरात येऊन पडलं, तेव्हा मी मैत्रिणींबरोबर भजी खात होते.

घरची पत्रं लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. आजोबांना, म्हणजे आत्याच्या वडिलांना, अर्धांगाचा झटका आला, त्या आठवड्यात मी कागद घेऊन त्यांच्या खाटेशी बसले. ते अडखळत म्हणाले, "तिला कळवू नगं. ती तितं एकटी हाय. रडंल आन् कामावर जाईल. दुसरं काय करंल?" बाबांनीही मान डोलावली. मी लिहिलं, 'सर्व खुशाल.' पुढच्या दोन पत्रांतही तेच लिहिलं.

त्यानंतर तारच करावी लागली. आत्या पोहोचली तेव्हा आजोबांना जाऊन सहा दिवस झाले होते. ती रडली नाही. अंगातला कोटही न काढता रिकाम्या खाटेवर बसली आणि वॉर्डात ड्यूटी बदलताना विचारतात तसं बाबांना विचारू लागली. "गिळता येत होतं का? कूस किती तासांनी बदलत होता? पाठीला जखमा झाल्या होत्या?"

"झाल्या होत्या," बाबा म्हणाले.

तेव्हा मात्र तिचा आवाज चिरकला. "दादा, लोकांच्या बापांच्या पाठी मी तितं रोज पुसते. एकालाबी जखम होऊ दिली न्हाय."



कराराचं एक वर्ष उरलं होतं, त्यामुळे तिला परत जाणं भाग होतं. पत्रांतलं अक्षर कुणाचं, हे तिला ठाऊकच होतं. सोलापूर स्टेशनवर गाडी येईपर्यंत ती माझ्याशी चकार शब्द बोलली नाही. डब्यात बसल्यावर तिनं खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. "खुशाली लिहू नकोस," ती म्हणाली. "काय झालंय ते लिही."

मग मी सगळं लिहिलं. बाबांचा वाढलेला रक्तदाब, आईची दुखरी दाढ, चार दिवस कोरडा पडलेला नळ, एका विषयात उडालेली माझी दांडी. अंतर्देशीय नव्हतं ते, परदेशी टपालाचं महागडं पत्र, पण कडेकडेनंसुद्धा लिहून भरून टाकलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, तीनच ओळींचं.

'सगळं वाचलं. फार काळजी वाटली. बरं वाटलं.'